वासाचा खांब

सोनमाळ कारखाना वसाहत,
ता. १७ जानेवारी १९७७

प्रिय लालासाहेब,

नमस्कार. पाकिटात तिळगूळ घालणार होतो, पण पोस्टात मुंग्या लागतील म्हणून तो मीच खाल्ला. तसंही तुला त्याची गरज नाही, तू तिकडे शिरवळला गोड बोलतच असशील. मी बरा आहे. थंडी मजबूत आहे, गाळप जोरात आहे, आणि तू सोडून गेलेल्या खुर्चीचा डावा पाय अजून हलतो. साताऱ्याहून आईचं पत्र आलं, तिनं तुझी आठवण काढलीय. तुझ्या वडिलांच्या गुडघ्याचं काय झालं? मानसिंग फौजेतून सुट्टीवर येणार होता, आला का? आल्यावर तुझ्या ह्या धाकट्या भावाला म्हणावं, नाथाजीला एक स्वेटर देणं लागतोस. तुझ्या आईला नमस्कार.

आता कामाचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वसाहतीच्या दुसऱ्या ओळीपुढचा रस्ता खचला. उसाची बैलगाडी जवळच्या वाटेनं वजनकाट्याकडे निघाली होती, तिचं एक चाक एकाएकी खाली गेलं. बैल वाचले, गाडीवान अर्जुनाही वाचला, पण गाडीचा आख मोडला. खाली पाहतो तर तुझं गटार. जमिनीखालून नेलेलं, पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवावं असं. त्या कामाबद्दल तुझा फोटो कारखान्याच्या अहवालात छापून आला होता. मी तो कापून ठेवला नाही, पण साताऱ्यात बराच वेळ पाहत बसलो होतो.

वासाचं तर विचारू नकोस. नासलेल्या अंड्यांचा. नवा माणूस पहिल्या दिवशी नाक धरतो, आठवड्यानं त्याला तो वास कळेनासा होतो, आणि मग तो दुसऱ्या नव्या माणसाला हसतो. मी अजून नाक धरणाऱ्यांत आहे.

लोक काय म्हणतात ते तुला सांगायलाच हवं. पाइप तू बाहेरून आणले नव्हतेस, इथंच माळावर साचे लावून ओतून घेतले होतेस. सिमेंटला तेव्हाही परमिट लागत होतं, आजही लागतं, आणि परमिटच्या पोत्यांना पाय फुटतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा जो तो एकच बोलतोय, लालासाहेबानं सिमेंट खाल्लं. चेअरमननी मला भर चौकात विचारलं, "काय ओव्हरशीर, पैप भाकरीचं हुतं का काय? कुणी किती खाल्लं ते लिवून द्या. पुढल्या मीटिंगला ठिवायचं हाय."

अहवाल मला लिहायचा आहे. तू केलेल्या कामाचा अहवाल मी लिहायचा, असा योग पुन्हा येणार नाही.

काल गटाराच्या चेंबरची झाकणं सकाळपासून उघडी टाकली. मुकादम धुळा कुणाला लगेच वाकू देत नाही, त्या हवेनं माणूस पडतो. ऊन वर आल्यावर जवळच्या एका घरातून आरसा मागून आणला, उन्हाची तिरीप आत सोडली आणि पाहिलं. पाइपचा माथा गेलाय. काठीला चिंध्यांचा गोळा बांधून वर घासला तर पांढरा लगदा खाली आला. दह्यात हात घालावा तसा. 

शिरवळची नोकरी अजून पक्की व्हायची आहे हे मला माहीत आहे. इथून एक कागद तिकडे गेला तर तिचं काय होईल हेही माहीत आहे. मित्र आहे म्हणून आधी तुला विचारतो. माल कसा मिसळला होतास, आणि पोती खरोखर कुठं गेली? दुसरा असता तर विचारत बसला नसता.

उत्तर लवकर पाठव. मला थांबायला काही हरकत नाही, पण चेअरमनना आहे.

तुझ्या खुर्चीवर बसलेला,
नाथाजी


सोनमाळ,
ता. २७ जानेवारी १९७७

लालासाहेब,

तुझं पत्र पोचलं. सिमेंटबद्दल दोन ओळी आणि बाकी सगळं पत्र माझ्याबद्दल. तू लिहितोस, "माझ्या बापाच्या गुडघ्याची चौकशी केलीस, मानसिंगच्या सुट्टीची केलीस. माझी बायको आणि पोरगा तुझ्या नाकासमोर राहतात, त्यांचं नावसुद्धा नाही. आरसा कुणाच्या घरातला ते का लिहिलं नाहीस?"

म्हणजे त्यांनी तुला कळवलं. चांगलं केलं.

खरं सांगू का? तुझा जळफळाट वाचून मला फार बरं वाटलं. पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचलं. इतकी वर्षं जळायचं काम माझ्या एकट्याकडे होतं. शिरवळला तुला अजून घर मिळत नाही, बायको इथल्या क्वार्टरमध्ये राहिलीय, आणि तुझ्या जागी नेमका मी आलोय. तुला झोप लागत नसेल तर ती तुझ्या कर्मानं.

होय, आरसा तुझ्याच घरातला. रस्ता तुझ्या दारापुढे खचला, मग आरसा काय मी कराडहून आणायचा? मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, आरसा हवाय. त्यांनी खुंटीवरचा काढून दिला. काठाला कुंकवाचं बोट पुसलेलं होतं. रोज सकाळी त्या आरशात कोण पाहतं हे मला कळलं, आणि त्याच आरशानं मी तुझ्या गटाराच्या पोटात ऊन पाडलं. तो मी अजून परत दिलेला नाही. काम संपलं नाही म्हणून, असं समज.

चहाही घेतला. एकदा नाही, बऱ्याचदा. त्या मला भावजी म्हणतात. तुझ्या मित्राला दुसरं काय म्हणणार म्हणा. पण ज्या माणसानं आधी मांडी घालून त्यांना पाहिलं, त्याला भावजी हा शब्द कसा लागतो ते तुला कळायचं नाही.

कुंडलचा तो दिवस तू विसरला असशील. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मला चारचौघांत बोलता येत नाही म्हणून मी तुला बरोबर घेतलं. नवऱ्या मुलाबरोबर मित्र जातोच. तू बोललास. उसाचं बोललास, पाटाच्या पाण्याचं बोललास, त्यांच्या फौजेतल्या चुलत्याशी रायफलींबद्दल बोललास. मी बशीतला चिवडा संपवला. नंतर त्यांचा निरोप आला तो तुझ्या घरी. तू मला येऊन विचारलंस, "नाथा, तुझं मन असलं तर मी न्हाई म्हणून सांगतो." आणि मी हसून म्हणालो, "मला काय करायचंय, तूच कर." त्या हसण्याचा मला आजही राग येतो. पण त्याहून जास्त राग तुझा येतो, कारण तू ते हसणं खरं मानलंस. तुला सोयीचं होतं.

हे झालं. आता गटाराचं, कारण तुझी नोकरी त्यावर आहे.

तुझं उत्तर यायच्या आधीच मी एक अहवाल लिहून ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की सिमेंट कमी पडल्यामुळे पाइप निकामी झाले. अक्षर इतकं सुंदर आलं होतं की शाळेत कधी आलं नाही. सही तेवढी राहिली होती. सही करण्याआधी फुटलेला एक तुकडा बाहेर काढून पाहावा म्हटलं, म्हणजे मीटिंगमध्ये टेबलावर ठेवता येईल.

तुकडा काढायला घेतला तर निघेना. लालासाहेब, पाइपचा तळ आणि बाजू पाण्याच्या रेषेपर्यंत अशा आहेत की छन्नी उडते. साच्याच्या फळीची रेघ अजून दिसते. सिमेंट चोरलं असतं तर सगळा पाइपच ठिसूळ झाला असता. चोर काही फक्त वरच्या बाजूचं सिमेंट चोरत नाही. गेलाय तो माथाच, जिथं पाणी कधी पोचत नाही तिथं.

मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. मी काठावर बसून राहिलो आणि मला एवढंच वाटलं की ह्या माणसानं हेही नीट केलंय.

मग साताऱ्याहून आणलेली ट्रंक उघडली आणि कराडचं पुस्तक काढलं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी हा धडा झाला होता. त्या तासाला तू झोपला होतास. मी जागा होतो, पण माझ्याही डोक्यात काही शिरलं नव्हतं. गाळ साचून सडला की गॅस सुटतो, वास येतो तो त्याचाच. तो वर जाऊन ओल्या माथ्याला बसतो, तिथं त्याचं तेजाब, म्हणजे ॲसिड, होतं आणि तेजाब सिमेंट खातं. बाहेर जायला वाट असली तर गॅस निघून जातो. कोंडला तर तिथंच बसून खात राहतो. त्यात आपल्या गटारात कारखान्याचं गरम, मळी मिसळलेलं पाणी सोडलंय, म्हणजे सडायला आणखी ऊब.

खूण तर माझ्या डोळ्यांसमोर होती. दुसऱ्या ओळीतल्या घरांची पितळी कुलपं काळी पडलीत. बायकांची चांदी काळी पडलीय. त्याच ओळीतली राहीबाई म्हणते दृष्ट लागली, तिनं साऱ्या ओळीची मीठ-मोहरी उतरून टाकली. मी कुलपं पाहिली होती. आणि जोडवी पाहिली होती, चहाची कपबशी खाली ठेवताना समोर दिसतात तेवढी. काळी पडलेली. मला वाटलं, लालासाहेब घरी नाही म्हणून बाई जोडवी उजळत नाहीत. असं वाटून मला सुख झालं होतं, हेही लिहून टाकतो. ती गॅसनं काळी पडली होती.

मग प्रश्न उरला, गॅस कोंडला कसा? तू तर हवेसाठी लोखंडी खांब उभा केला होतास. वसाहतीत त्याला वासाचा खांब म्हणतात. तो आहे तुझ्या स्वयंपाकघराच्या मागं. शिडी लावून वर गेलो. टोकात गोणपाट ठासलंय आणि वरून सिमेंटचा जाड गिलावा. तो गिलावा मात्र किती पक्का घातलायस, फोडताना माझ्या हाताला फोड आले.

खाली उतरलो तर त्या मागल्या दारात उभ्या होत्या. मी विचारलं, हे कुणी बुजवलं?

"भावजी, त्यो मीच बुजवायला लावला," त्या म्हणाल्या. "थोरला पोटात हुता तवा. चुलीम्होरं बसलं की वास, ताट घेतलं की वास. पाणीसुदीक पोटात ठरंना. मी लय वाळली हुती. मग ह्यांनी एक दिवस शिडी लावली, सोत्ता चढलं. वरनं उतरलं, हात बी धुतलं न्हाईत, आन् म्हणालं, आता जेव."

मी विचारलं, मग?

"मग जेवली की. दोन भाकरी खाल्ल्या. त्यांच्या हाताला सिमेट लागल्यालं, त्यांनी खाल्लं न्हाई, नुसतं बगत बसलं." असं म्हणून त्या हसल्या. तुझ्या आठवणीनं हसल्या. मी फुटलेल्या गिलाव्याची टोपली हातात घेऊन उभा होतो.

आता जेव. हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. मला तुझ्या खुर्चीचा, फोटोचा, शिरवळच्या बढतीचा मत्सर वाटतो असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खोटं होतं. मला तुझ्या त्या शिडीचा मत्सर वाटतो.

गटार तूच बिघडवलंस. चोरी करून नव्हे, पण बिघडवलंस तूच. आणि मला हे लिहावं लागेल. कसं लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. पहिला अहवाल अजून टेबलाच्या खणात आहे, सही नसलेला. तू मला काही लिहू नकोस, विनंती तर मुळीच करू नकोस. तू विनंती केलीस की मला तुझा जास्तच राग येतो.

नाथाजी


सोनमाळ,
ता. ११ फेब्रुवारी १९७७

प्रिय लाला,

तू काही लिहिलं नाहीस. मी सांगितलं ते तू ऐकलंस असं बहुधा पहिल्यांदाच झालं असेल.

काल मीटिंग झाली. आधीचा कागद मी फाडला. नव्यात लिहिलं की सिमेंट पुरेपूर घातलेलं आहे, आणि पाइपचा कसाबसा फोडून काढलेला खालचा तुकडा टेबलावर ठेवला. चेअरमननी तो हातात घेतला, टेबलावर आपटला, टेबलाची काच तडकली आणि तुकडा तसाच राहिला. तुझ्या नावाचा निकाल तिथंच लागला. पुढं लिहिलं की हवेचा खांब बंद केल्यामुळे गॅस कोंडला आणि माथा खाल्ला गेला. खांब तत्कालीन ओव्हरसियरनी राहणाऱ्यांच्या तक्रारीवरून बंद केला, परिणामाची त्यांना कल्पना नव्हती.

"कुणाच्या तक्रारीवरनं?" चेअरमननी विचारलं.

"राहणाऱ्यांच्या," मी म्हणालो.

"आवं, पर कुणाच्या?"

"साहेब, वास सगळ्यांनाच येतो."

"मंजी लालासाहेबानं वास कोंडला, आन् त्या वासानं पैप खाल्ला?"

"व्हय. आणि कारखान्याचं गरम पाणी त्याच लायनीत सोडायचा हुकूम इथूनच गेलावता, तेबी त्यात लिवलंय," मी म्हणालो. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण काल आलं. मग कुणीतरी चहा मागवला.

ठरलं ते असं. गरम पाण्याला वेगळी चारी काढायची. साचलेला गाळ उपसायचा आणि आठवड्यातून एकदा टाकीचं साफ पाणी जोरात सोडून गटार धुवायचं. खचलेल्या भागात झिलईचे मातीचे पाइप घालायचे, त्यांना तेजाब लागत नाही. उरलेलं गटार आहे तसं चालेल. तुझ्या नावापुढे चूक लिहिली गेली, चोरी लिहिली गेली नाही. शिरवळला इथून कुठलाही कागद जाणार नाही. मी चेअरमनना विचारून घेतलं.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. हे तुला नीट कळावं म्हणून स्वच्छ लिहितो.

आता खांबाचं. मी टोक फोडलं त्याच दिवसापासून वास तुझ्या मागल्या दारी पुन्हा येऊ लागला. दुसऱ्या दिवशी कामाचं काही सांगायला गेलो होतो. त्या चहा टाकत होत्या. बोलता बोलता चहा तसाच टाकून, पदर तोंडाला लावून मागं गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या, तोंड धुतलेलं होतं, आणि म्हणाल्या, "कायबी न्हाई भावजी, वास जरा लागला." वास सगळ्यांनाच लागतो, म्हणून मी त्यातून काही समजलो नाही असं तू धर. तू मात्र समज. तुला पत्रात लिहायचा त्यांना संकोच वाटत असेल. तुझ्या आधी मला कळलं ह्याचा मला आनंद झाला होता, पण तो संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

खांब पुन्हा बुजवता येत नव्हता. मी तो उपटला आणि ओळीच्या वरच्या टोकाला, अविवाहितांच्या खोल्या आहेत तिथल्या चेंबरवर उभा केला. माझ्या खिडकीशी. जुन्या जागेपेक्षा पुष्कळ उंच केला. धुळा म्हणाला, "सायेब, हितं कशाला? तुमालाच वास की." मी त्याला वाऱ्याची दिशा समजावून सांगितली. त्यात थोडं तथ्यही आहे.

मला वाटलं होतं की आता आपली बरोबरी झाली. तू शिडी लावलीस, मी खांबच हलवला. पण बरोबरी होत नाही, लाला. तू उतरून "आता जेव" म्हणालास आणि समोर जेवणारं माणूस होतं. मी खांब रोवला आणि हात धुऊन खोलीत आलो. त्या परवा राहीबाईला सांगत होत्या, "कारखान्यानं ऐकलं बया, बरं झालं." मी जवळूनच जात होतो. कारखान्यानं नाही, मी, एवढं सांगायला तोंड उघडलं होतं. मग मी समोरून आलेल्या बैलाला वाट दिली आणि पुढं गेलो.

जेवायला बसलं की वास येतो. जेवतो.

आता तू लवकर ये. घर मिळालं नसलं तर कुणाकडे दोन खोल्या माग, पण ये आणि त्यांना घेऊन जा. इथून पुढं रोज त्या दारावरून जाणं मला झेपायचं नाही, आणि मी दुसऱ्या वाटेनंही जाणार नाही, हे मला माझ्याबद्दल कळून चुकलंय. त्यांची जोडवी चिंचेनं घासली की उजळतील. हे तू सांग, मी सांगत नाही.

आरसा परत दिला. काच चांगली पुसली, गटाराचा एक शिंतोडा ठेवला नाही. काठावरचं कुंकू तेवढं पुसलं नाही.

मागच्या दोन्ही पत्रांत राहिलं होतं ते आता लिहितो. सौ. बनूवहिनींना माझा नमस्कार सांग.

त्यांचा भावजी,
नाथाजी